चित्रांच्या गावाला पाहुणे म्हणून जाऊ या

मुलांनो, शाळेच्या सहलीचा विषय निघाला की वर्गात काय गोंधळ उडतो, ते तुम्हांला सांगायला नकोच! आमची शाळा विरारजवळच्या चंदनसारची. "बाई, वॉटर पार्क!" असं अर्धा वर्ग ओरडतो. "बाई, अर्नाळ्याचा किल्ला!" असं पाव वर्ग म्हणतो. उरलेला पाव वर्ग म्हणतो, "कुठंही चालेल, पण जीवदानीचा डोंगर नको, तो रोजच दिसतो!"

पण गेल्या हिवाळ्यात आमची चौथीची सहल ठरली ती माझ्या एका चुकीमुळे. ती चूक आधी सांगून टाकते. शिक्षकांनी आपली चूक सांगू नये, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

झालं असं. स्नेहसंमेलन होतं. 'आपला जिल्हा, आपली कला' असा कार्यक्रम बसवला होता. मी हौसेनं व्यासपीठाच्या जमिनीवर कागद चिकटवले, त्यांना गेरू फासला आणि वर पांढऱ्या रंगानं एक मोठ्ठा वारली चौक काढला. एका पुस्तकातलं चित्र समोर ठेवून काढला. चौकोनी नक्षीची चौकट, मधोमध देवीची आकृती, बाजूला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. फार सुंदर दिसत होता. मग मुलं त्यावर नाचली. पायांत बूट घालून नाचली. खूप टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर मी कागद गोळा करत होते. तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई जवळ आली. ती वारली समाजाची. मजुरीला जाते. ती हळूच म्हणाली, "बाई, चित्र बरं काढलं. पण तो चौक अठं नाय काढायचा. तो देवीचा. लग्नातला."

मला कसंनुसं झालं. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

ती म्हणाली, "आमाला कोनी इचारलंच नाय."

खरंच की! मी पुस्तक चाळलं, बाजारातून रंग आणले, मुलांच्या तालमी घेतल्या. पण ज्यांची ती कला, ती माणसं माझ्या वर्गातल्या मुलीच्या घरातच होती आणि त्यांना मी एका शब्दानंही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वाचायला आणि विचारायला लागले. त्यातून जे कळलं, ते आज तुम्हांला सांगणार आहे. ही गोष्ट आपल्या पालघर जिल्ह्यात सुरू होते, पॅरिसला जाते, जपानला जाते आणि फिरून आपल्याकडेच येते.

चौक म्हणजे काय?

वारली लोकांची जुनी घरं तुम्ही पाहिली असतील. कारवीच्या काठ्या एकीला एक बांधून भिंत उभी करायची आणि तिला माती-शेणानं लिंपायचं. कारवी ही आपल्या डोंगरांत वाढणारी, सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी वनस्पती. या भिंतीला गेरू सारवला की झाला चित्राचा फळा! रंग एकच, पांढरा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचा, चिकटायला थोडा डिंक घालायचा. ब्रश म्हणजे बांबूची काडी. तिचं टोक चावून चावून मऊ करायचं.

लग्न असलं की घरातल्या भिंतीवर चौक काढतात. तो सवाशिणी काढतात. चौकात पालघाट देवी असते. शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे तो नुसती सजावट नाही. आपल्या घरात देव्हारा असतो ना, तसाच तो समजा. देव्हाऱ्यावर आपण बूट घालून नाचू का?

माझी चूक केवढी होती, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

धुळीत चित्रं काढणारा मुलगा

आता एका मुलाची गोष्ट ऐका. या मुलाचा जन्म १९३४ सालचा. तो सात वर्षांचा असताना त्याची आई वारली. मुलाला इतका धक्का बसला की, त्यानं बोलणंच सोडलं. काही सांगायचं असलं की तो जमिनीवरच्या धुळीत बोटानं चित्र काढून दाखवायचा. गावातल्या लोकांना त्याचं नवल वाटायचं.

हा मुलगा म्हणजे जिव्या सोमा म्हशे. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावचा कळंबीपाडा हे त्यांचं घर. भिंतीवर चित्र काढणं हे तेव्हा बायकांचं काम मानलं जाई. पण जिव्यांचा हात थांबेना. लग्नकार्य नसतानाही ते रोज चित्र काढू लागले.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार वारली पाड्यांवर आले. बिहारमध्ये १९६६-६७ साली मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा पुपुल जयकर यांनी याच कुलकर्णींना मिथिलेला पाठवलं होतं. भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना कागद द्यायचे आणि त्यांची चित्रं विकून त्यांच्या घरात दोन पैसे यावेत, असा तो प्रयत्न होता. आज जगभर माहीत असलेली मधुबनी चित्रं कागदावर आली ती अशी. तसेच कागद कुलकर्णी आपल्याकडेही घेऊन आले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. कळंबीपाड्याची चित्रं काळा घोड्याला पोहोचली!

त्या चित्रांत काय होतं? मासे पकडायचं भलंमोठं जाळं होतं. त्याची एकेक गाठ दिसावी इतकं बारीक. भाताची लावणी होती, मुंग्यांची वारुळं होती, तारपा वाजवणारा गडी आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं होती. देवीचा चौक हा लग्नाचा विधी. पण शेत, नदी, झाड, नाच यांची चित्रं कागदावर मोकळेपणानं आली. हा फरक मला आधी कळला असता तर!

पाड्यावरून पॅरिसला

१९७६ साली त्यांची चित्रं फ्रान्समध्ये दाखवली गेली. मग १९८९ साली पॅरिसमध्ये एक मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'पृथ्वीचे जादूगार'. जगभरातले शंभराहून जास्त कलावंत त्यात होते. त्याआधी अशा मोठ्या प्रदर्शनांत बहुतेक युरोप-अमेरिकेचेच कलावंत असत. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या कला 'जुन्या वस्तू' म्हणून वेगळ्या संग्रहालयांत ठेवल्या जात. या प्रदर्शनात मात्र सगळे शेजारी शेजारी होते. आपल्या देशातून जिव्या सोमा म्हशे होते, मिथिलेच्या बौआ देवी होत्या, मध्य प्रदेशातल्या गोंड समाजाचे जनगढसिंह श्याम होते.

मोठी माणसं एक शब्द वापरतात, 'समकालीन कला'. घाबरू नका. समकालीन म्हणजे आपल्या काळातली. आज जी जिवंत माणसं आहेत, ती आज जे काढतात, घडवतात, ते सगळं समकालीन. वारली चित्र दिसलं की आपण लगेच म्हणतो, "प्राचीन कला." पद्धत जुनी खरी, पण काढणारा माणूस आजचा आहे. त्याच्या चित्रात आगगाडी येते, सायकल येते, धरण येतं. त्याला 'प्राचीन' म्हणून कपाटात ठेवलं, तर तो रागवणार नाही का?

पुढे २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात एक मजेदार प्रदर्शन झालं. एका बाजूला जिव्या सोमा म्हशे, दुसऱ्या बाजूला रिचर्ड लाँग हे इंग्लंडचे कलावंत. हे लाँग काय करतात, ठाऊक आहे? ते चालतात! १९६७ साली ते एका गवताळ मैदानात सरळ रेषेत जात राहिले, येत राहिले, पुन्हा जात राहिले. गवत दबून एक रेघ उमटली. तिचा त्यांनी फोटो काढला. झालं चित्र! काही दिवसांनी गवत पुन्हा उभं राहिलं असणार आणि रेघ पुसली असणार. तुम्ही म्हणाल, "बाई, ही तर आमची शाळेची पाऊलवाट झाली!" अगदी बरोबर. लाँग आपल्या वारली भागातही येऊन गेले आणि इथल्या जमिनीवर त्यांनी रेघा आखल्या. एक माणूस चालून रेघ काढतो, दुसरा काडीनं काढतो. दोघांची एकमेकांशी भाषा जुळत नव्हती, पण रेघ जुळली.

जिव्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांचे मुलगे आणि गावातली कितीतरी माणसं आज चित्रं काढतात.

बंद पडलेल्या शाळेतलं संग्रहालय

आता जपानला जाऊ. निईगाता नावाचा बर्फाळ प्रांत. तिथं हिवाळ्यात माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ साचतो. त्या प्रांतातल्या तोकामाची गावात १९८२ साली एक संग्रहालय उघडलं. त्याचं नाव काय असेल? मिथिला संग्रहालय! तोकिओ हासेगावा या जपानी गृहस्थांनी ते उभारलं. मधुबनी आणि वारली चित्रांचा मोठा संग्रह तिथं आहे. आपल्याकडचे कलावंत तिथं महिनोन्‌महिने राहून चित्रं काढत. आणि मुलांनो, हे संग्रहालय एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत आहे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसूनच राहिले. शाळा बंद का पडली? कारण गावात मुलंच उरली नाहीत. तरुण माणसं शहरात गेली, म्हातारी तेवढी मागे राहिली.

अशी कितीतरी गावं त्या भागात होती. म्हणून २००० सालापासून तिथं दर तीन वर्षांनी एक कलामहोत्सव भरतो. त्याचं नाव एचिगो-त्सुमारी. तो एका हॉलमध्ये नाही भरत. सुमारे ७६० चौरस किलोमीटर मुलखात, भातशेतांच्या पायऱ्यांवर, ओस पडलेल्या घरांत, बंद शाळांत देशोदेशीचे कलावंत काम करतात. पाहुणे गावोगाव फिरत ते बघतात. गावातल्या आज्या त्यांना जेवण करून वाढतात.

तिथली एक शाळा २००५ साली बंद झाली. शेवटी तीनच मुलं उरली होती. सेइझो ताशिमा या चित्रपुस्तकं लिहिणाऱ्या कलावंतानं २००९ साली ती सगळी शाळा म्हणजे एक चित्रपुस्तकच करून टाकली. पाण्यात वाहून आलेली लाकडं आणि झाडांच्या बिया रंगवून त्यांनी त्या तीन मुलांच्या आकृत्या केल्या. आपण वर्गावर्गांतून चालत गेलो की गोष्ट पुढे सरकते. मुलं शाळेत परत आली आहेत, अशी ती गोष्ट आहे.

पण परदेशच्या प्रवासाची सगळीच गोष्ट गोड नसते. ज्या जनगढसिंह श्याम यांचं नाव वर आलं, ते २००१ साली जपानमध्ये लांबच्या मुक्कामाला होते. तिथंच त्यांचं निधन झालं. वय चाळिशीच्या आत. ते भोपाळला, आपल्या घरी परत आले नाहीत. कलेला सीमा नसतात, असं आपण भाषणात म्हणतो. पण कलावंताला घर असतं. घरापासून, आपल्या भाषेपासून किती दिवस लांब राहायचं, हे त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. पाहुणा आपल्या घरी आला की आपण त्याच्या जेवणाइतकीच त्याच्या मनाचीही काळजी घ्यायला हवी.

जग आलं गंजाडला

आता उलटी वाट बघू. गंजाडची माणसं परदेशी गेली, तशी परदेशी माणसंही गंजाडला आली. भारतातल्या खेड्यांतल्या शाळांच्या भिंती रंगवण्याचा उपक्रम काही जपानी मंडळींनी २०१० साली बिहारमध्ये, बोधगयेजवळच्या सुजाता गावातल्या शाळेत सुरू केला. तिथं युसुके असाई या चित्रकारानं दुकानातले रंग वापरलेच नाहीत. आसपासची वेगवेगळ्या रंगांची माती गोळा केली आणि तिनंच वर्गाच्या भिंती रंगवल्या. पुढे २०१३ पासून हा उपक्रम गंजाडच्या शाळेत आला. जपानी, वारली आणि इतर भारतीय कलावंतांनी मिळून शाळेच्या भिंतींवर काम केलं. त्यांच्याभोवती मुलांचा गराडा. विचार करा, तुम्ही गणिताच्या तासाला बसला आहात आणि मागच्या भिंतीवर जपानचा माणूस चित्र काढतो आहे. गणितं सुटतील का?

२०१३ सालीच दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडला आल्या. त्या चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. गिल यांनी गावचे फोटो काढले. पण फोटो बघताना त्यांच्या ध्यानात आलं, डोंगर दिसतो, झाड दिसतं, पण वांगड त्या जागेबद्दल ज्या गोष्टी सांगतात, त्या कुठं दिसतात? मग वांगड यांनी त्या फोटोंवरच बारीक रेघांनी त्या गोष्टी काढल्या. एक चित्र, दोघांचे हात. खाली नावंही दोघांची.

जव्हारची गोष्ट तर मला फारच आवडली. जव्हारकडे बोहाडा असतो. देवांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात. त्या मुखवट्यांना मान असतो. गौरी गिल यांना मुखवट्यांवर काम करायचं होतं. त्यांनी देवांचे मुखवटे उसने मागितले नाहीत. भगवान आणि सुभाष धर्मा कडू या मुखवटे घडवणाऱ्या भावांना त्यांनी सांगितलं, आपण रोजच्या जगण्याचे नवे मुखवटे करू या. मग माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे मुखवटे झाले. गावच्या लोकांनी ते घालून आपली नेहमीची कामं करत फोटो काढून घेतले. २०१७ साली ते फोटो जर्मनीतल्या कासेल शहरच्या मोठ्या प्रदर्शनात लागले.

बघा, त्यांनी आधी विचारलं. देवाचं देवाला ठेवलं आणि तरी नवं काहीतरी घडलं. मी जर आधी विचारलं असतं, तर माझं व्यासपीठ काही रिकामं राहिलं नसतं!

सहलीचा हिशेब

आजकाल चित्रं बघायला पाड्यांवर येणाऱ्यांची संख्या वाढते आहे. २०१३ सालापासून विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. म्हणजे चंदनसारहून रिक्षानं विरार स्टेशन, तिथून वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर करत डहाणू. पाहुणे येणं चांगलंच की! पण एक गणित सोडवा.

समजा, एका पाहुण्यानं दिवसाच्या सहलीवर हजार रुपये खर्च केले. गाडीचं पेट्रोल, महामार्गावरच्या हॉटेलात जेवण, पाण्याच्या बाटल्या आणि घरी नेण्यासाठी दुकानातला वारली छापाचा कप. तो कप कारखान्यात छापलेला. आता सांगा, हजारातले किती रुपये चित्र काढणाऱ्या बाईच्या हाती गेले? शून्य! तिच्या वाट्याला काय आलं? अंगणात पडलेल्या बाटल्या आणि न विचारता काढलेले तिच्या स्वयंपाकघराचे फोटो.

वारली चित्रकलेला 'जीआय', म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे. नागपूरची संत्री म्हटली की ती नागपूरचीच हवीत, तसंच हे. पण नुसत्या कागदानं कला टिकत नाही. ती टिकायला कारवीचा डोंगर टिकावा लागतो, भातशेती टिकावी लागते, नदीतले मासे टिकावे लागतात. डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर झाला, तो उगाच नाही. चित्रातली झाडं ही आधी डोंगरावर असतात, मग भिंतीवर येतात.

म्हणून 'शाश्वत पर्यटन' म्हणजे काय, याची माझी व्याख्या अगदी सोपी आहे. आपण जाऊन आल्यावर गावाला वाटलं पाहिजे, "ही माणसं पुन्हा आली तर बरं!"

आमची सहल

तर मी त्या मुलीच्या आईलाच विचारलं, "आम्ही मुलांना घेऊन चित्रं बघायला जावं म्हणते. कसं जावं?" तिनं डहाणूकडच्या एका पाड्यावरच्या आपल्या नातेवाईक बाईंना विचारलं. त्या चित्रं काढतात. निरोप आला, पावसात लावणीच्या दिवसांत नको. कापणी-झोडणी उरकू द्या. सगळी पोरं एकदम नको, अंगण लहान आहे. आणि गावाचं नाव कुठं छापू नका, उगाच गर्दी होते. म्हणून तेही मी इथं लिहीत नाही.

आम्ही चौतीस मुलं दोन शनिवारी, दोन गटांत गेलो. प्रत्येकाकडे आपली पाण्याची बाटली. जेवण तिथंच सांगितलं होतं आणि पैसे आधीच ठरले होते. नाचणीची भाकरी, भाजी, चटणी. वॉटर पार्कवाल्या मंडळींनीही दोन-दोन भाकऱ्या खाल्ल्या!

त्या बाईंनी मुलांना काडी चावायला शिकवलं. तांदळाचा रंग कालवला. म्हणाल्या, आधी माणूस काढा. दोन त्रिकोण टोकाला टोक जुळवून, वर गोल डोकं, काड्यांसारखे हातपाय. मुलांना वाटलं, एवढंच? पण माणूस नाचता येईना! कुणाचा तिरका, कुणाचा लंगडा, कुणाचा सरळ सैनिकासारखा ताठ.

आमच्याबरोबर एक पालक आले होते. त्यांनी एक चित्र घ्यायला काढलं आणि सवयीनं म्हणाले, "एवढ्याशा कागदाला एवढे पैसे?" बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक काडी आणि एक कागद त्यांच्या हाती दिला. "दादा, तळहाताएवढा तारप्याचा फेर काढा." अर्ध्या तासात दादांची सहा माणसं झाली. त्यांतली दोन एकमेकांवर पडली होती! मूळ चित्रात माणसं होती साठ. मुलं मोजत होती ना! दादांनी हसत हसत पुरते पैसे दिले. चित्रामागे बाईंनी आपलं नाव लिहिलं. आता ते चित्र त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि कुणी विचारलं की ते नावासकट सांगतात.

निघताना मी विचारलं, "बाई, घरात लग्नाचा चौक आहे का? मुलांना दाखवाल?" त्या म्हणाल्या, "नको." मी म्हटलं, "बरं." एवढंच. मुलांनीही ऐकलं. 'नको' ऐकून 'बरं' म्हणायचं, हा धडा पाठ्यपुस्तकात नाही, पण त्या दिवशी तो झाला.

आणि ती मुलगी? वर्गात ती मागच्या बाकावर गप्प बसणारी. त्या दिवशी मुलं तिलाच विचारत होती, "ए, याला काय म्हणतात? त्याला काय म्हणतात?" ती सांगत होती. परतीच्या गाडीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी चौकात फणी उलटी काढलेली." मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमी बाई ना!" मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. आता वर्गात नियम आहे, बाईंचं चुकलं तर हात वर करायचा.

या वर्षीच्या संमेलनाआधी मी तिच्या आईला विचारायला गेले. तिनं सांगितलं, तारप्याचा नाच काढा, भाताची झोडणी काढा, ताडाचं झाड काढा. मडक्यात रंगही तिनंच कालवून दिला. चित्र जमिनीवर नाही, मागच्या पडद्यावर काढलं. कार्यक्रमपत्रिकेवर मार्गदर्शक म्हणून तिचं नाव छापलं. कामाच्या दिवशी ती आली तेव्हा तिची मजुरी बुडत होती. मुख्याध्यापकांशी बोलून तिला त्या दिवसाचे पैसेही दिले. कौतुकाबरोबर तेही हवंच.

पाहुण्यांचे सात नियम

आमच्या वर्गानं हे नियम मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावले आहेत. तुम्हीही लिहून काढा.

१. जाण्याआधी विचारा. कधी यावं, किती जणांनी यावं, हे गावाला ठरवू द्या.

२. फोटो काढण्याआधी विचारा. माणसाचा, घराचा, देवाचा.

३. 'नको' म्हटलं की 'बरं' म्हणा.

४. चित्र घ्यायचं तर काढणाऱ्याच्या हातून घ्या. त्याचं नाव लिहून घ्या आणि लक्षात ठेवा.

५. घासाघीस करण्याआधी तेवढं चित्र स्वतः काढून बघा.

६. आपला कचरा आपल्या पिशवीतून घरी आणा.

७. परत आल्यावर पत्र पाठवा. पाहुणचार घेऊन गप्प बसू नये.

पालकांनो, हा लेख तुमच्या हाती पडला तर एक विनंती. परदेशी माणसं हजारो मैलांवरून येऊन आपल्या जिल्ह्यातली एक भिंत तासन्‌तास बघतात. आपल्याला तिथं जायला एक लोकल पुरते. मुलांना एकदा न्या. पण 'दाखवायला' नेऊ नका, 'भेटायला' न्या.

आणि मुलांनो, गंजाड किंवा जव्हारच गाठायला हवं, असंही नाही. तुमच्या गावात, गल्लीत कुणीतरी असेलच. टोपल्या विणणारी आजी, ढोलकी मढवणारे काका, मडकी घडवणारं घर. या रविवारी जाऊन त्यांना एवढंच विचारा, "हे तुम्ही कसं करता? मी जरा बसून बघू का?" ते काय म्हणाले, ते वहीत लिहा. चुकलात तर लाजू नका. माझ्यासारखं पुन्हा विचारायला जा.